शिसं आणि कॅडमियम मोजायला पाऱ्याची फिल्म की बिस्मथची?

पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) आहे, ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड आहे, स्ट्रिपिंग (धातू आधी इलेक्ट्रोडवरच्या पातळ फिल्ममध्ये जमा करून मग परत विरघळवताना करंट मोजणं) करायचं हेही ठरलंय; अडलंय फक्त फिल्मवर. बोअरच्या पाण्यावर मी दोन्ही वापरल्या आहेत, म्हणून थोडं लिहितो.

नुसता पीक (धातू विरघळताना करंटमध्ये येणारा उंचवटा) बघून ठरवायचं तर पारा. हेरॉव्स्कींच्या १९२२ च्या पोलरोग्राफीपासून (पाऱ्याच्या थेंबाचा इलेक्ट्रोड वापरणारी पद्धत) तो या कामात मुरलेला आहे आणि ते दिसतं. ओळीने घेतलेले स्कॅन एकमेकांवर बसतात. तांबंही मोजायचं असेल तर पाराच बरा. बिस्मथवर तांब्याचा पीक बिस्मथच्या स्वतःच्या पीकला चिकटून येतो, शिवाय पाण्यात तांबं जास्त असलं की शिशाचा पीकही दबतो.

तरी मी बिस्मथवर आलो, ते पाऱ्याच्या कचऱ्याच्या कॅनमुळे. फिल्म जागेवरच पाडायची तर मोजायच्या पाण्यातच पाऱ्याचा क्षार घालावा लागतो. आम्ही लिटरला २० मिलिग्रॅम धरायचो. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ०.००१ मिलिग्रॅम. म्हणजे शिसं ०.०१ च्या आत आहे ना, एवढं बघायला चांगल्या पाण्यात मर्यादेच्या वीस हजार पट पारा आपणच ओतायचा! मग ते सिंकमध्ये सोडता येत नाही. प्रत्येक सॅम्पल, प्रत्येक ब्लँक (सॅम्पलशिवायचं तुलनेचं द्रावण), सेल म्हणजे मोजायचं भांडं विसळलेलं पाणीसुद्धा लेबल लावून वेगळं ठेवायचं. कचरा नेणारे बाकी सगळं उचलायचे, पारा म्हटलं की "पुढच्या फेरीला बघू". फ्यूमहूडखाली पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि ऑडिटला पहिलं बोट तिकडेच.

बिस्मथची फिल्म जोसेफ वांग आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडली. लिटरला अर्धा-एक मिलिग्रॅम पुरतं आणि विषारीपणा कितीतरी कमी. स्क्वेअर वेव्ह (व्होल्टेज चौकोनी ठोक्यांनी बदलायची पद्धत) घेतली तर पाण्यातला ऑक्सिजन घालवायला नायट्रोजन सोडत बसावं लागत नाही. निदान मला तरी फरक जाणवला नाही. कॅडमियमची मर्यादा ०.००३ आहे, तिथेही जमा करायचा वेळ वाढवला की पीक नीट वर येतो. पीएच ४.५ चा ॲसिटेट बफर मात्र सोडू नका, पीएच चढला की बिस्मथ द्रावणात टिकत नाही. पीकची उंची रोज थोडी हलते हे खरं, पण स्टँडर्ड ॲडिशन (त्याच सॅम्पलमध्ये माहीत प्रमाणात धातू घालून पुन्हा मोजणं) तर दोन्हीकडे करावंच लागतं.

आर्सेनिकही यादीत असेल तर या दोन्ही फिल्म बाजूला ठेवा आणि सोन्याच्या इलेक्ट्रोडसाठी वेगळं बजेट मागा.