आठ महिन्यांनंतर: ईएलटी निवडताना मी डबा पाहिला, पाहायला हवी होती केबल

आमच्या चार आसनी विमानात जुना ईएलटी (विमान आदळलं की आपोआप संकटाचा सिग्नल सोडणारा डबा) होता, फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर ओरडणारा. १ फेब्रुवारी २००९ पासून कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेचे उपग्रह ती फ्रिक्वेन्सी ऐकतच नाहीत. म्हणजे वरून जाणाऱ्या एखाद्या वैमानिकाने नेमका तोच चॅनल लावलेला असेल, तरच आपली हाक कुणाच्या कानावर पडणार. म्हणून ४०६ मेगाहर्ट्झचा घ्यायचं ठरलं. हा साधारण दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा, ५ वॅटचा सिग्नल सोडतो आणि त्यात बीकनची, म्हणजे त्या डब्याची, ओळख असते. १२१.५ यातही आहे, पण ते शोधपथक जवळ आल्यावर दिशा धरायला.

निवडताना माझा सगळा जीव जीपीएसमध्ये अडकला होता. तो मुद्दा खराच आहे. जीपीएस नसेल तर उपग्रहाच्या गणितातून काही किलोमीटरचा परिसर हाती लागतो, असेल तर शंभरेक मीटर. पण पॅनलवरच्या जीपीएसकडून स्थान घेणारा ईएलटी घेतलात, तर बसवणाऱ्याने ती वायर खरंच जोडली का, हे तपासा. आमची दोन महिने जोडलेलीच नव्हती! सेल्फ-टेस्टमध्ये दिवा ठरल्यापेक्षा एकदा जास्त लुकलुकायचा आणि मी तो एकदाही नीट मोजला नव्हता.

मोठी चूक केबलची. डबा शेपटीत आणि अँटेना केबिनच्या छतावर, मध्ये लांबलचक केबल. आदळल्यावर शेपूट मोडली की तीही तुटणार, मग आतला डबा शाबूत असून उपयोग काय? आता अँटेना डब्याच्या अगदी डोक्यावर आणलीय, केबल हातभर आणि थोडी सैल. डब्यावरचा बाण विमानाच्या नाकाकडे आहे ना, तेही बघून घ्या. धक्का ओळखणारा स्विच त्याच दिशेचा वेगबदल मोजतो. हळूच झाडांवर टेकलात तर तो स्विच कदाचित ढिम्म हलणार नाही. म्हणून कॉकपिटमधलं बटण पट्टा बांधलेला असताना हाताला लागायला हवं.

बीकनची नोंदणी, म्हणजे त्याच्या ओळखीशी आपलं नाव आणि संपर्क जोडणं, याला कंटाळा करू नका. पाचव्या महिन्यात दुरुस्तीच्या वेळी कुणाचा तरी हात लागून ईएलटी चालू राहिला. बचाव केंद्राचा फोन थेट बायकोला, कारण संपर्कात तिचा नंबर. तिने सांगितलं, "ते कुठे पडलेले नाहीत, समोर दाढी करतायत." मी तोंडाला फेस तसाच ठेवून हँगरकडे पळालो. बटण बंद केलं, केंद्राला कळवलं. नोंदणी नसती तर शोध सुरू झाला असता. वापरलेला बीकन घेत असाल तर त्यातला देशाचा कोड बदलून घ्या आणि नोंदणी स्वतःच्या नावावर करा. या प्रकारात बॅटरीचाही तासाभराहून जास्त वापर झाला, म्हणून मुदत बाकी असूनही ती बदलावी लागली. ही बॅटरी काही टॉर्चच्या सेलसारखी स्वस्त नसते, खर्च धरूनच चाला.

टेस्ट महिन्यातून एकदा करतो, तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत, रेडिओ १२१.५ वर ठेवून. वरून खाली घसरणारा कर्कश सूर दोन-तीनदाच येतो, तेवढा पुरे.

स्टीव्ह फॉसेट सप्टेंबर २००७ मध्ये बेपत्ता झाले, विमानाचे अवशेष वर्षभराने सापडले. विमानात ईएलटी होता, सिग्नल मात्र कुणाला मिळाला नाही. ते वाचल्यापासून जोडीला पीएलबीही (अंगावर बाळगायचा छोटा बीकन) ठेवतो. तो किमान २४ तास चालतो, पण हाताने चालू करावा लागतो, अँटेना उघडून आकाशाकडे धरावी लागते. विमान पाण्यात गेलं तर ईएलटी त्याच्याबरोबर बुडेल, हा तुमच्याबरोबर बाहेर येईल. अट एकच, तो अंगावर हवा. मी पहिले काही दिवस सामानाच्या बॅगेत ठेवायचो, बॅग मागच्या कप्प्यात आणि मी पुढे. आता जाकिटाच्या आतल्या खिशात असतो, दोरीने बांधलेला.