ब्रिटिश संसदेची चित्रमुद्रणे : कोंडी जशी घडली तशी

ब्रिटिश संसदेच्या कामकाजाची चित्रमुद्रणे तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, आणि युरोपीय संघातून बाहेर पडण्यावरून २०१९ मध्ये झालेली कोंडी समजून घेण्यासाठी याहून चांगली सोय मला आढळली नाही. १५ जानेवारीची सायंकाळ आवर्जून पाहावी : चार मतगणक अध्यक्षांसमोर रांगेत उभे राहतात, त्यांतला एक बाजूने २०२, विरोधात ४३२ असे आकडे वाचतो आणि तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी बाहेर पडण्यासाठी संघाशी केलेला करार फेटाळला जातो. २७ मार्चला तर पुढे काय करायचे याच्या आठ पर्यायांपैकी एकालाही बहुमत मिळाले नाही. नकार कशाकशाला आहे हे सभागृह सांगत होते, होकार कशाला हे मात्र नाही. समालोचन नसल्यामुळे नवख्याला चाचपडावे लागते, तरी माझ्या मते तोच या सेवेचा गुण आहे. तेव्हाचे अध्यक्ष जॉन बर्को यांची सभागृह शांत करण्यासाठीची ‘ऑर्डर’ ही आरोळी तेवढी आवाज कमी करून ऐकावी.