बाथला कोचने जावं की ट्रेनने?

लंडनहून बाथ या जुन्या इंग्लिश शहरात मी दोनदा गेलोय, एकदा आईबाबा आले होते तेव्हा कोच टूरने आणि नंतर आम्ही दोघंच ट्रेनने. कोचचा फायदा एकच पण मोठा, त्याच दिवशी स्टोनहेंज, म्हणजे ते प्राचीन उभ्या दगडांचं वर्तुळ, उरकतं. तिथपर्यंत ट्रेन जात नाही, सॅलिसबरीला उतरा, बस धरा ही सगळी भानगड. आणि सोबत गुडघे दुखणारी मंडळी असली तर बसमध्ये बसवून नेलेलं बरंच पडतं, खोटं कशाला बोलू.

पण बाथला आम्हाला मिळाले दोन तास. दोन! ते रोमन बाथ्समध्येच, म्हणजे रोमन काळातल्या गरम झऱ्याच्या स्नानगृहातच संपले. तेही बघायलाच हवं म्हणा, 46 अंशांचं पाणी, रोज दहा लाख लिटरच्या वर जमिनीतून येतंय, हिरवंगार, वाफाळतं, आणि हात लावायचा नाही. शेवटी चव बघायला मिळतं ते बोअरचं पाणी कोमट करून दिल्यासारखं लागतं.

बाबांना मात्र बघायचं होतं हर्शेलचं घर. रोज पंचांग उघडणारा माणूस, पत्रिकेतला हर्षल म्हणजे युरेनस, आणि तो विल्यम हर्शेलने 13 मार्च 1781 ला 19 न्यू किंग स्ट्रीटच्या मागच्या बागेतून पाहिला याचं त्यांना कोण अप्रूप! घर चालत दहा-पंधरा मिनिटांवर आणि गाइड म्हणतोय बस थांबणार नाही. बाबा काही बोलले नाहीत, टोपी मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. माझ्यासाठी कोच तिथेच बाद झाली.

ट्रेनने लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून साधारण दीड तास, तिकीट आधी काढा नाहीतर खिसा कापला जातो. हर्शेलच्या घरात मी तळघरातच रमलो. पोटापाण्यासाठी चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणारा हा माणूस इथे दुर्बिणीचे धातूचे आरसे ओतायचा, साच्याला घोड्याची लीद, ती चाळायला बहीण कॅरोलाइन, आणि तो आरसा घासत बसला की घास भरवायलाही तीच. एकदा वितळलेला धातू सांडला आणि फरशा तडकून उडाल्या, ते तडे अजून दिसतात.

एकच दिवस असेल आणि स्टोनहेंज हवंच असेल तर घ्या कोच, मी नाही म्हणणार नाही. आम्ही मात्र पुढच्या खेपेला बाबांना ट्रेनने नेणार, रॉयल क्रेसेंटची, म्हणजे त्या अर्धचंद्राकार जुन्या घरांच्या रांगेची चढण तेवढी टॅक्सीने करू.