‘करंट देऊन पाय चालवतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, आमचे 2,17,600 रुपये गेले

नोंदणी 5,100. चाळीस सिटिंगचं पॅकेज 1,44,000. घरी वापरायचं मशीन 68,500. माझ्या पाटल्या त्यातच मोडल्या. प्रकरण चालू आहे म्हणून सेंटरचं नाव लिहीत नाही.

बांधकामावरून पडून ह्यांना कंबरेच्या पहिल्या (एल-1) मणक्याला मार लागला. पाय अगदी लुळे, स्नायू आपोआप आखडून येतात ते झटकेसुद्धा येत नाहीत. झटके येत नाहीत हे ध्यानात ठेवा, सगळी गोम तिथेच आहे.

सेंटरवाल्यानं परदेशातले व्हिडिओ दाखवले, पाय गेलेला माणूस वॉकर धरून पावलं टाकतोय. व्हिडिओ खरेच होते. पण 2018 साली अमेरिकेत लुईव्हिल आणि मेयो क्लिनिकला, स्वित्झर्लंडमध्ये लोझानला जे झालं, त्यात इलेक्ट्रोड ऑपरेशन करून मणक्याच्या आत बसवले होते आणि त्यासोबत महिनोन्‌महिने व्यायाम घेतला होता. इथे मांडीवर पॅड चिकटवून तेच होईल म्हणून सांगतात!

पहिल्या दिवशी पॅड लावून त्यानं नॉब शेवटपर्यंत फिरवला. ह्यांची मांडी हलली नाही. शेजारच्या बेडवरच्या मुलाची मांडी तशाच मशीनवर चांगली आवळत होती. मी विचारलं तर म्हणतो, “ताई, नसा झोपल्यात, वीस सिटिंगनंतर जाग्या होतील.” तिथूनच उठायला हवं होतं. एमआरआयचं पाकीट मी हातात धरून बसले होते, ते त्यानं उघडूनही पाहिलं नाही. पण ऑपरेशननंतर “आता असंच राहणार” एवढं सांगून आम्हाला घरी पाठवलेलं, पुढे कुठे जायचं हे कुणी बोललं नव्हतं. घरातला कर्ता माणूस आडवा झाल्यावर जो आशा दाखवेल त्याच्याकडे माणूस जातोच. मला नावं ठेवणाऱ्या नातेवाइकांनी तेव्हा दुसरी वाट दाखवली नव्हती.

पुढे सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि नीट समजावलं. हा करंट स्नायूपर्यंत त्याच्या नसेतून पोचतो. मार मानेत किंवा छातीच्या भागात असेल तर पायांच्या नसा बहुधा शाबूत असतात, म्हणून झटके येतात आणि करंटवर सायकलही मारता येते. मांडी भरते, रक्ताभिसरण सुधारतं. मज्जारज्जू त्यानंही जुळत नाही. ह्यांना मार नसा निघतात त्याच जागी लागलाय. त्या नसाच गेल्यात, त्यामुळे असल्या मशीननं मांडी कधीच आवळणार नव्हती. हातोडी मारल्यावर पाय उडतो का, ही तपासणी आधी करून घ्या, पैशाचं नंतर बोला.

68,500 चं ‘इम्पोर्टेड’ मशीन दुखण्यावरचं साधं टेन्स निघालं, सर्जिकलच्या दुकानात तसंच 2,800 ला मिळतं. त्याच्या पॅडखाली ह्यांची कातडी भाजली, संवेदना नसल्यामुळे कळलंही नाही. पॅड काढल्यावर दर वेळी कातडी बघा. मार छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर करंटनं बीपी एकदम चढू शकतं. बीपी न मोजता सुरू करणाऱ्याकडे थांबू नका.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, “मॅडम, तुम्ही राजीखुशीनं दिलेत, गुण आला नाही म्हणजे फसवणूक होत नाही.” दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात साहेब म्हणाले, मशीन म्हणजे औषध नव्हे, आमच्याकडे येत नाही. अहो, 1 एप्रिल 2020 पासून वैद्यकीय उपकरणं औषधांच्याच कायद्याखाली आहेत! आक्षेपार्ह जाहिरातींच्या 1954 च्या कायद्यात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे, त्या यादीत पक्षाघात आहे. प्रिंट काढून पुढे ठेवली, तर म्हणाले पेशंटला स्वतः घेऊन या. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. व्हीलचेअरवरचा माणूस मी कसा चढवू? अर्ज आवकला दिला, शिक्का मिळाला, बाकी शून्य.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जा. रोख देऊ नका. “बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचेल” म्हणून त्यानं मशीनचे पैसे रोख घेतले. त्या 68,500 चा कागद नाही म्हणून वकिलांनी दाव्यात 1,49,100 च धरले.