देशभक्ती पॅक: पेनड्राइव्हमधलं विमान कुणाचं?

ऑगस्ट जवळ आला, किंवा आचारसंहिता लागणार अशी कुणकुण लागली, की जळगाव-धुळे-नंदुरबारच्या फ्लेक्सवाल्यांकडे एक पेनड्राइव्ह फिरायला लागतो. 'देशभक्ती', 'तिरंगा सीडीआर', 'नेता बॅकड्रॉप' अशी फोल्डरं. आत कोरलड्रॉ आणि फोटोशॉपच्या तयार फाइली: सलामी देणारा जवान, ढगांतून झेपावणारी विमानं, लाल किल्ला, फडकणारा तिरंगा, भारताचा नकाशा आणि मधोमध एक रिकामा गोल. त्या गोलात भाऊंचा फोटो बसवायचा. पक्ष कोणताही असो, गोल तोच.

या पॅकला पाचपैकी दोन गुण. ते दोन्हीही वेळ वाचतो म्हणून. रात्री अकराला ऑर्डर आली आणि सकाळी आठला बॅनर चौकात हवा असेल, तर हा पॅक कामाचा आहे. फक्त फाइल उघडली आणि छापली असं करू नका.

आधी तांत्रिक बाजू. बऱ्याच फाइलींत मोठी चित्रं १९२० बाय १०८० पिक्सेलची असतात. मोबाइलच्या स्क्रीनवर ती झकास दिसतात, पण १० फूट रुंदीवर ताणली की इंचाला जेमतेम १६ पिक्सेल उरतात. रस्त्यापलीकडून पाहायच्या होर्डिंगला ते कसंबसं चालतं. पत्रकार परिषदेच्या बॅकड्रॉपला अजिबात नाही, कारण कॅमेरा पाच-सात फुटांवर उभा असतो आणि जवानाच्या चेहऱ्याचे चौकोन दिसतात. १० बाय ८ फुटांसाठी इंचाला ७२ धरले, तर ८६४० बाय ६९१२ पिक्सेल लागतात. मजकूर बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसेल, तर 'विनम्र अभिवादन'च्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. फाइल देणाऱ्याकडून मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी आकारांत, करून घ्या आणि कोरलच्या जुन्या आवृत्तीतही सेव्ह करून मागा. रंग आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगपद्धतीत, असतील, तर केशरी छपाईत विटकरी होतो. केशरीला साधारण ०-५०-९०-० आणि हिरव्याला १००-०-७०-३० हे सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे, आकडे धरून आधी फूटभर तुकडा छापून पाहावा. पिवळी आणि मॅजेंटा शाई उन्हात आधी उडते. आपल्याकडच्या मे महिन्यात तिरंग्याचा केशरी पट्टा पहिला मरतो तो त्यामुळेच.

खरी गडबड चित्रांत आहे. ही चित्रं जगभरच्या फुकट साठ्यांतून उचललेली असतात, त्यामुळे विमान कुणाचं आणि जवान कुठला, हे पॅक बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तपासायला दोन मिनिटं लागतात. एकच शेपूट आणि पोटाखाली हवा ओढणारं तोंड दिसलं, तर ते एफ-१६ समजा. हे विमान भारतीय हवाई दलाकडे कधीच नव्हतं, पाकिस्तानकडे आहे. राफेलला नाकाजवळ दोन छोटे जादा पंख असतात. सुखोई-३० एमकेआयलाही असतात, पण त्याला शेपट्या दोन. तेजसला ना छोटे पंख, ना मागची आडवी शेपटी, नुसता त्रिकोण. जवानाच्या बाहीवरचा झेंडा झूम करून बघा, तिथे अमेरिकेचे पट्टे आणि तारे निघाले तर फाइल कचऱ्यात. तमिळनाडूत फेब्रुवारी २०२४ मध्ये कुलसेकरपट्टिनमच्या अवकाश तळाच्या जाहिरातीत रॉकेटवर चिनी झेंडा छापला गेला होता. जाहिरात एका मंत्र्याची होती आणि चूक डिझायनरच्या माथी गेली. आपल्याकडेही ती फ्लेक्सवाल्याच्याच माथी जाईल.

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला नमुना ब्रिटनचा. २००९ च्या युरोपीय निवडणुकीत ब्रिटिश नॅशनल पार्टी या अतिउजव्या पक्षाने प्रचारात स्पिटफायर विमान वापरलं, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश शौर्याची खूण म्हणून. विमानाच्या अंगावरची अक्षरं होती 'आरएफ', म्हणजे ३०३ क्रमांकाची तुकडी, पोलिश वैमानिकांची. हा पक्ष मतं मागत होता ती पूर्व युरोपातून येणाऱ्या लोकांविरुद्ध. त्याच वर्षी माजी सैनिकांच्या रॉयल ब्रिटिश लीजनने पक्षाचे नेते निक ग्रिफिन यांना आपलं पॉपीचं, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मरणातल्या लाल फुलाचं, चिन्ह लावू नका असं उघड पत्र लिहिलं. चिन्ह ज्यांचं, त्यांनाच असं हात जोडून सांगावं लागलं.

झेंड्याचे नियम पॅकला माहीतच नाहीत. प्रमाण ३:२ हवं, इथे झेंडा १० बाय ३ च्या पट्टीत ताणलेला असतो. चक्राच्या आऱ्या २४, मोजायच्या तर एका चतुर्थांशात सहा. झेंड्यावर अक्षरं चालत नाहीत, आणि पॅकमध्ये नेमकं पांढऱ्या पट्ट्यावरच नाव टाकायला जागा सोडलेली असते. ध्वजसंहितेप्रमाणे व्यासपीठावर झेंडा वक्त्याच्या उजव्या हाताला काठीवर, नाहीतर त्याच्या मागे आणि वर भिंतीवर सपाट. टेबलाला गुंडाळायचा नाही. उभा लावला तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूला यायला हवा, पॅकमधल्या उभ्या स्टँडीत तो निम्म्या वेळा उलटा निघतो. नकाशात लडाखचं वरचं टोक कापलेलं असेल तर ती फाइल वापरूच नका, चुकीचा नकाशा छापणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे.

खानदेशासाठी यात काहीच नाही, हा वेगळा राग. भगतसिंगांचे दहा नमुने आहेत, नंदुरबारच्या हुतात्मा शिरीषकुमारचा एकही नाही. मग दुकानदार भगतसिंगांच्याच फाइलीत शिरीषकुमारचा फोटो चिकटवतो, मागे अशोकचक्राचा तिरंगा. ९ सप्टेंबर १९४२ ला पंधरा वर्षांच्या त्या पोराच्या हातातल्या झेंड्यावर चरखा होता, चक्राचा झेंडा २२ जुलै १९४७ ला स्वीकारला गेला. १९३६ च्या काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनाच्या बॅनरवरही हीच चूक. आणि स्मृतिदिनाच्या बॅनरवर 'हार्दीक शुभेच्छा' तशीच राहून जाते, तीही दीर्घ ई घालून.

निवडणुकीत हा पॅक महागात पडतो. लष्करी जवानांचे फोटो प्रचारात नकोत असं निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये पक्षांना कळवलं आणि पुलवामा-बालाकोटनंतर ९ मार्च २०१९ ला पुन्हा बजावलं. म्हणजे आचारसंहितेत पॅकमधला अर्धा माल बाद. शिवाय प्रचाराच्या छपाईवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, प्रकाशकाचं दोन साक्षीदारांच्या सह्यांचं घोषणापत्र छपाईआधी घ्यायचं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पॅकमधल्या एकाही फाइलीत त्या ओळीला जागा नाही. तळाशी दोन इंच पट्टी स्वतः सोडा.

आता 'नेता बॅकड्रॉप' या फोल्डरकडे, कारण पॅकचा खरा धंदा तिथे आहे. चौकातला बॅनर हजार लोक पाहतील. पत्रकार परिषदेमागचा बॅकड्रॉप केबलवाला आणि यूट्यूबवाला फुकटात घरोघरी नेतो. डिझाइन त्याच हिशोबाने केलेलं आहे: खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यामागे बरोबर चक्र येतं आणि खांद्यावरून विमानं निघतात. तो काय बोलला ते सकाळी विसरलं जातं, चित्र मात्र राहतं.

अतिउजव्या पक्षांना टीव्हीचा पडदा द्यावा का, या युरोपातल्या जुन्या वादात पडद्यावरची ही चौकट मध्यभागी आहे. १३ फेब्रुवारी १९८४ ला फ्रान्सच्या 'लर द वेरिते' या टीव्ही कार्यक्रमात तिथल्या अतिउजव्या पक्षाचे नेते जाँ-मारी ल पेन प्रश्नोत्तरं चालू असताना उठून उभे राहिले आणि साम्यवादाच्या बळींसाठी मौन पाळलं. प्रश्न विचारणारे बसून राहिले, चौकट ल पेन यांची झाली. जूनमध्ये त्यांच्या पक्षाला जवळपास ११ टक्के मतं आणि युरोपीय संसदेत १० जागा मिळाल्या. ग्रिफिन २२ ऑक्टोबर २००९ ला बीबीसीच्या 'क्वेश्चन टाइम'मध्ये बसले तेव्हा सुमारे ८० लाख लोकांनी पाहिलं, पण तिथे समोर प्रेक्षक आणि शेजारी विरोधक होते, मंच ग्रिफिन यांच्या हातात नव्हता. पुढच्या मे महिन्यातल्या निवडणुकीत पक्षाला ब्रिटिश संसदेत एकही जागा नाही. नुसत्या एका कार्यक्रमाने निकाल ठरत नाही, पण मंच कुणाच्या ताब्यात आहे हा फरक डोळ्यांत भरतो. बेल्जियमच्या फ्रेंच भाषिक वाहिन्या अतिउजव्यांना थेट प्रक्षेपणात घेतच नाहीत. बातमी देतात, ती रेकॉर्ड करून आणि संपादन करून.

आपल्या स्थानिक वाहिन्यांना बंदी-बिंदी परवडणारी नाही, जाहिराती त्याच लोकांच्या. पण बाइट घेताना बोलणाऱ्याला बॅकड्रॉपपासून सहा-सात फूट पुढे बोलवा आणि कॅमेरा कडेला सरकवा, म्हणजे मागे साधी भिंत येते. मोबाइलवर शूट करत असाल तर दोनपट झूम लावून छातीपर्यंतच घ्या, नुसत्या अंतराने मोबाइल पार्श्वभूमी धूसर करत नाही. पत्रकार परिषद थेट दाखवू नका. आयोजकाने पाठवलेला तयार व्हिडिओ चालवायचाच असेल, तर तो कुणी दिला ते पडद्यावर लिहा.

विकत घेणाऱ्यांनी अख्खा पॅक घेऊ नये. किनारी, फुलांच्या माळा आणि रिकाम्या पार्श्वभूमी एवढंच सुटं मागावं, दुकानदार देतात. शिरीषकुमारसाठी चरख्याचा झेंडा एकदाच नीट काढून ठेवला, तर दर सप्टेंबरला पुरतो.