मोठे ब्रेक बसवायचे की नाही? औट्रम घाट, समृद्धी आणि उसाच्या ट्रॉल्यांमधला वर्षभराचा अनुभव

दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती), 250 न्यूटन मीटर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पुढे व्हेंटिलेटेड डिस्क, मागे ड्रम. गाडीचं नाव लिहीत नाही. विषय ब्रेकचा आहे, आणि एवढ्या वर्णनावरून ज्यांना ओळखायची ते ओळखतीलच. गेल्या दिवाळीच्या आधी तीन वर्षं वापरलेली घेतली. तेव्हापासून पेट्रोल पंपावर, लग्नात, कॉलनीच्या गेटवर एकच सल्ला मिळतोय: "इंजिन जबरदस्त आहे, पण ब्रेक आधी बदला." मागच्या चाकात ड्रम दिसला की लोकांना गाडी अर्धवट वाटते. छत्रपती संभाजीनगरला गाड्यांचं वेड जुनं आहे. 2010 मध्ये इथल्या लोकांनी एकत्र येऊन दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या. त्यामुळे सल्ला देणाऱ्यांची इथे वाण नाही.

मी चार पिस्टनचं मोठं किट, म्हणजे मोठी डिस्क आणि तिच्यावर पॅड दाबणारा चार पिस्टनचा कॅलिपर, बसवलं नाही. ब्रेक ऑईल बदललं, पुढचे पॅड बदलले आणि पावसाळ्याच्या तोंडावर चारही टायर बदलले. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि उसाचा एक अख्खा हंगाम या गाडीने पाहिला आहे. माझं मत आता पक्कं आहे: आपल्याकडच्या रस्त्यांवर अशा गाडीला ताकदीचे ब्रेक कमी पडत नाहीत. कमी पडतात ते चांगले टायर, ताजं ऑईल आणि उष्णता सहन करणारे पॅड. का, ते सविस्तर लिहितो.

आधी ताकदीचं बघू. माणसं आणि सामान धरून गाडी सोळाशे किलोची धरा. समृद्धीवर 120 च्या वेगात तिच्यात साधारण 9 लाख ज्यूल ऊर्जा असते. 60 च्या वेगात याचा चौथा हिस्सा, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. 120 वरून कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर पहिल्या क्षणी ब्रेक जितकी ऊर्जा खातात तिचा हिशोब सहाशे अश्वशक्तीच्या वर जातो. म्हणजे इंजिनच्या चौपट, आणि तेही कंपनीतून आलेल्या साध्या ब्रेकवर. त्यामुळे "इंजिनच्या मानाने ब्रेक कमजोर" हे वाक्य मला आता पटत नाही.

दुसरी गोष्ट एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. एप्रिल 2019 पासून आपल्याकडच्या सगळ्या नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं आहे. जोरात पेडल दाबल्यावर पायाखाली थरथर जाणवते, तेव्हा एबीएस सांगत असतं की ब्रेकमध्ये चाक अडवण्याइतका दम आहे, टायरची पकड मात्र संपली. त्या क्षणी पुढे सहा पिस्टनचा कॅलिपर असला तरी गाडी त्याच जागी थांबेल. एका ओळखीच्या कारखान्याच्या आवारातला लांब मोकळा रस्ता रविवारी मिळाला, तिथे खडूची रेष मारून 60 वरून पूर्ण ब्रेक मारून पाहिले. जुन्या पॅडवर एबीएस लागलं, नव्या पॅडवरही लागलं, आणि थांबायच्या जागेत डोळ्यांना दिसेल असा फरक पडला नाही. टायर बदलल्यावर तोच प्रयोग पाणी मारून ओल्या केलेल्या डांबरावर पुन्हा केला. जुन्या टायरची ओली खूण तिथे आधीच काढून ठेवलेली होती. नव्या टायरवर गाडी तिच्या बरीच अलीकडे उभी राहिली. पैसे कुठे टाकायचे याचं उत्तर मला तिथेच मिळालं.

मग ब्रेक अपग्रेड करायचेच कशाला? उष्णतेसाठी. आणि उष्णता कळते ती घाटात.

आमच्याकडे औट्रम घाट आहे, लोक कन्नड घाटही म्हणतात. कन्नडहून चाळीसगावला उतरताना मराठवाड्याचं पठार संपतं आणि रस्ता थेट खानदेशात पडतो. 2023 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी आली, तेव्हापासून घाट मोकळा वाटतो, पण वळणं तीच आहेत आणि उतारही तोच. एक हिशोब मला फार आवडतो. 120 वरून गाडी पूर्ण थांबवायला जितकी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, तितकीच साधारण 57 मीटर उंची फक्त ब्रेकवर उतरताना जाते. गाडीचं वजन कितीही असो, आकडा तोच. म्हणजे दर 57 मीटर उताराला एकदा समृद्धीच्या वेगावरून कडकडून थांबल्याइतकी ऊर्जा डिस्कमध्ये शिरते, आणि घाट तर त्याच्या कितीतरी पट खोल असतो. फरक एवढाच की घाटात ती सावकाश शिरते, थोडी वाऱ्याने निघूनही जाते. पण पाय पेडलवरून उठलाच नाही तर निघून जायला वेळच मिळत नाही.

गाडी घेतल्यावर पहिल्यांदा घाट उतरलो तेव्हा घरचे चौघं, डिकीत सामान, गिअर ‘डी’मध्ये आणि ब्रेक कंपनीचे, जसे आले तसे. वेग कुठेही जास्त नव्हता. खालच्या वळणांवर पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागलं आणि चाकांकडून जळका वास आला. घाबरण्यासारखं काही झालं नाही, पण कारण शोधायला ती खूण पुरेशी होती.

ही खूण नीट ओळखायला हवी, कारण ब्रेक दोन वेगळ्या तऱ्हांनी ढिले पडतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पेडल घट्ट आहे, पाय जोर लावतोय, तरी गाडी हवी तशी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापलेत. पेडल मऊ पडतंय, खोल जातंय, स्पंजासारखं वाटतंय, तर ऑईल उकळतंय. ऑईलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पायाचा जोर बुडबुडे दाबण्यातच जातो. माझं लक्षण दुसरं होतं.

ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 हा ब्रेक ऑईलचा एक दर्जा. ताज्या डॉट 4 ऑईलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो, आणि त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की तो 155 पर्यंत आला तरी ते ठरलेल्या मानकात बसतं. डॉट 5.1 साठी हेच आकडे 260 आणि 180. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदलायचं. आपल्याकडे इंजिन ऑईलच्या तारखा लोकांना तोंडपाठ असतात, ब्रेक ऑईल मात्र टाकीत दिसतंय म्हणजे चांगलं आहे असं धरून गाडी विकेपर्यंत तसंच राहतं. माझ्या गाडीच्या जुन्या बिलांमध्ये ते बदलल्याची नोंद कुठेच नव्हती. जालना रोडवरच्या गॅरेजमधल्या चाचांनी टाकीत तपासायची पेन बुडवली, लाल दिवा लागला. "भाऊ, हे काढूनच टाका," ते म्हणाले. चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून नवं डॉट 4 भरलं. डॉट 5.1 ही चाललं असतं, ते याच जातीचं असतं. पण नुसतं 5 लिहिलेलं सिलिकॉनचं असतं, ते या गाड्यांत चुकूनही घालू नका आणि मिसळूही नका.

नुसत्या ऑईलवर, पॅड तेच ठेवून, पुन्हा तोच घाट उतरलो. घाटाच्या तळापर्यंत पेडल घट्ट राहिलं. वास मात्र आला. तेव्हा पॅड बदलायचे ठरवले.

पॅड निवडताना दुकानदार शर्यतीचे पॅड दाखवतात, ते नाकारावे लागतात. हे पॅड तापल्यावर छान धरतात, पण थंड असताना त्यांची पकड साध्या पॅडपेक्षाही कमी असते. सकाळी घरातून निघून क्रांती चौकाच्या सिग्नलला पहिला ब्रेक मारायचा असतो, तेव्हा डिस्क थंडगार असते. मला रस्त्यासाठीचे, जरा जास्त तापमान सोसणारे पॅड हवे होते. तेच घेतले. पॅड आणि ऑईल मिळून खर्च एका टायरच्या आसपास गेला.

नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कवर नीट मुरवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 15 पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पूर्ण न थांबता पुन्हा वेग, असं अनेकदा, आणि मग गाडी बराच वेळ ब्रेक न लावता चालवून थंड करायची. तापलेले पॅड डिस्कवर दाबून उभं राहायचं नाही, तिथे थर चिकटतो आणि पुढे पेडलला थरथर लागते. हे काम गॅरेजवाले करत नाहीत, आपल्यालाच करावं लागतं. मी बीड बायपासच्या पुढे पहाटे रस्ता मोकळा असताना केलं.

फरक काय पडला? पहिल्या इंचातच पेडल बोलतं. किती दाबलं की किती थांबेल याचा अंदाज पायाला येतो, आणि घाटाच्या तळाशीही तो बदलत नाही. जळका वास गेला. उलट बाजूही लिहितो: डिसेंबरच्या थंडीत सकाळी पहिले काही ब्रेक चुंई करतात, आणि पुढची अलॉय चाकं चार दिवसांत काळी पडतात. ज्यांना चाकं चकचकीत लागतात त्यांना हे खटकेल.

उन्हाळ्याबद्दल एक समज जाताजाता दूर करतो. 42-43 अंशांत ब्रेक लवकर जातात असं लोक म्हणतात. घाटात डिस्क कित्येकशे अंशांवर जाते, तिथे बाहेरची हवा दहा-पंधरा अंशांनी जास्त असल्याने फार बिघडत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खरी काळजी टायरची. समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर तासन् तास 120 ने जाताना हवा कमी असलेला टायर आतून जास्त तापतो. सावंगीहून चढण्याआधी, टायर थंड असताना हवा बघायची. ब्रेकवर खर्च करणारे कितीतरी लोक हे करत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

मागच्या ड्रमबद्दल. ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवायचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. मागचा वाटा थोडा, आणि त्यासाठी ड्रम पुरतो. पावसाळ्यात गंगाखेड-परभणी भागात ट्रॅक्टरच्या चाकांना लागून काळी माती रस्त्यावर येते, त्या चिखलात बंद ड्रम उलट स्वच्छ राहतो. त्या चिखलावर गाडी थांबवणं हे मात्र पुन्हा टायरचं काम, तिथे कुठलाही ब्रेक उपयोगाचा नाही. मुसळधार पावसात बराच वेळ ब्रेक न लावता गेलात तर डिस्कवर पाण्याचा थर असतो, म्हणून अधूनमधून पेडलला हलका पाय लावून ती कोरडी करून घ्यावी.

लातूरच्या माझ्या मावसभावाने याच प्रश्नाचं दुसरं उत्तर निवडलं. त्याची हॅचबॅक रिमॅप केलेली आहे, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली, पुढे चार पिस्टनचं किट आहे, आणि ते बसावं म्हणून चाकं एका इंचाने मोठी. मी ती चालवली आहे. तापल्यावर ब्रेक अप्रतिम आहेत, लागोपाठ कितीही मारा, तसेच. पण पेडल जास्त खाली जातं, कारण मोठ्या पिस्टनला जास्त ऑईल लागतं आणि पेडलच्या जोराने ऑईल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच आहे. चाकं मोठी म्हणून टायरची भिंत बुटकी, त्यामुळे अंबाजोगाईकडे जाताना प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. खर्च लाखाच्या वर. तो म्हणतो, "दादा, मला ट्रॅकवर न्यायची आहे." तसं असेल तर त्याची निवड योग्य आहे. ट्रॅकवर दर मिनिटाला अनेकदा मोठ्या वेगावरून ब्रेक लागतात, तिथे मोठी डिस्क ही गरज असते. एवढंच बघा की पुढचे ब्रेक फार ताकदवान करून मागचे तसेच ठेवले तर कंपनीने बसवलेलं पुढचं-मागचं गणित बदलतं. आणि असा बदल विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो.

माझ्यासारख्या रोज संभाजीनगर-जालना आणि महिन्या-दोन महिन्यांत बीड-धाराशिव करणाऱ्याला जो ब्रेक खरा लागतो तो रात्रीचा आहे. ऊसतोडीच्या दिवसांत दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. नाहीतर शेतातून एकदम रस्त्यावर आलेला रोही (नीलगाय). अशा वेळी एकदाच, पूर्ण जोराने थांबावं लागतं. तेव्हा डिस्क थंड असते, पॅड थंड असतात, म्हणजे मोठ्या किटचा फायदा जिथे असतो ती स्थितीच नसते. 100 च्या वेगात एका सेकंदात गाडी 28 मीटर पुढे जाते. म्हणून मी त्या हंगामात अंधार पडल्यावर 70-80 च्या वर जात नाही, आणि हेडलाइटची उंची नीट करून घेतली आहे.

घाटात आता ‘डी’ सोडून मॅन्युअलमध्ये दुसरा-तिसरा गिअर धरतो. इंजिन गाडीला अडवतं, ब्रेक फक्त वळणाआधी थोडा आणि ठाम लागतो, मग पूर्ण सुटतो. मांजरसुंब्याचा घाट, तुळजापूरचा घाट, सगळीकडे हेच. नव्या पॅडवर इतके दिवस जाऊनही ते निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत.

ज्यांनी अशीच गाडी रिमॅप केली आहे त्यांच्यासाठी: इंजिन वाढलं की दोन वळणांमधल्या तेवढ्याच अंतरात गाडी जास्त वेगाने पुढच्या वळणावर पोहोचते, त्यामुळे घाट चढतानाही डिस्क तापते. तुम्ही पॅड आणि डॉट 5.1 ने सुरुवात करा, ऑईल वर्षाला बदला, आणि घाटाच्या शेवटी पेडल कसं लागतंय ते बघा. घट्ट राहून गाडी थांबत नसेल, तर मोठ्या डिस्कचा विचार करायला हरकत नाही. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान असतात, पण जास्त तापून थंड झाल्या की भोकांपासून तडे जाऊ शकतात. घ्यायचीच तर साधी किंवा खाचांची घ्या.