"एकदम शांत पक्षी आहे, ताई"

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत डक्टमधून खालच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. वरच्या मजल्यावर बायपास झालेले एक आजोबा राहतात. नवरा घरूनच काम करतो, दिवसाचे चार-पाच तास कॉलवर. त्यामुळे लेकीच्या हट्टापायी पक्षी घ्यायचं ठरलं तेव्हा मी विक्रेत्याला वय, रंग, बोलणं यातलं काहीच विचारलं नाही. पहिलाच प्रश्न टाकला, "ओरडत नाही ना?"

इथेच मी घसरले. आपल्याला काय ऐकायचंय हे मी त्याला आधीच सांगून टाकलं. पुढचं सगळं त्याने त्या एका प्रश्नाच्या मापाने शिवलं.

घरातूनच पक्षी विकणारा माणूस. बोलायला गोड, दर वाक्यात ताई. आधी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. पिवळाधमक, पंखांवर हिरवे डाग असलेला सन कॉन्युर, म्हणजे छोटा परदेशी पोपट, हातावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलतोय आणि मागे सिनेमातलं गाणं. गाणं मागाहून चिकटवलेलं होतं, म्हणजे पक्ष्याचा मूळ आवाज पुसलेला होता. हे मला तीन महिन्यांनी सुचलं. त्या वेळी मी व्हिडिओला बदाम पाठवला होता.

"तीन महिन्यांचं पिल्लू आहे, रंग अजून भरेल. आणि ताई, डीएनए केलेली मादी आहे. नर ओरडतात, मादी नाही." पिसावरून नर-मादी ओळखणारी डीएनए चाचणी खरंच असते. पण त्या कागदावर आवाजाबद्दल एक अक्षर नसतं, आणि कॉन्युरची मादी शांत असते ही शुद्ध लोणकढी. त्या कागदाचे त्याने 2,000 वेगळे लावले. एकूण 16,000. पैसे भलत्याच नावाच्या यूपीआयवर गेले. पावती मागितली तर हसला, "पक्ष्यांची कसली पावती?"

आम्ही बघायला गेलो दुपारी दोनला. वेळ त्यानेच दिली होती. पिंजऱ्यावर अर्धं फडकं, आत पक्षी एका पायावर डुलक्या घेत होता. लेक कुजबुजत म्हणाली, "आई, किती गुणी आहे!" पोपटवर्गातले पक्षी पहाटे आणि दिवेलागणीला गळा काढतात. दुपारी बहुतेक जण सुस्तावलेले असतात, त्यात अंधार केला की गप्पच. दुपारी दोनला काय, मीही गुणी असते.

नाव ठेवलं हापूस, अर्धवट पिकलेल्या आंब्यासारखा दिसत होता म्हणून.

पहिले दहा दिवस खरोखर हूं की चूं नाही. आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगत होतो. नव्या जागी आलेला पक्षी घाबरलेला असतो, म्हणून गप्प असतो, हे नंतर कळलं. अकराव्या दिवशी सकाळी सव्वासहाला हापूसने पहिली हाक मारली. तो आवाज कसा सांगू? किलबिल नव्हे, शिट्टी नव्हे. पत्र्यावर पत्रा घासावा तसा, आणि सलग. नवऱ्याने मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप लावलं, आकडा शंभरच्या वर गेला. ॲपचं किती खरं मानायचं ते सोडा, पण वरच्या आजोबांच्या सूनबाई पाचव्या मिनिटाला दारात होत्या. अंगावर गाऊन, खांद्यावर ओढणी, चेहरा पांढरा. त्यांना वाटलं आमच्याकडे काही अघटित झालं.

यात हापूसचा काही दोष नाही. हे पक्षी मूळचे दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातले, गयाना आणि उत्तर ब्राझीलकडचे. तिथे थव्यात राहतात. थव्यातला कुणी दिसेनासा झाला की हाक मारायची आणि उत्तर येईपर्यंत मारत राहायची. आमच्या घरात थवा म्हणजे आम्ही तिघं. नवरा कॉल घ्यायला बेडरूमचं दार लावायचा, की इकडे हाका सुरू. तो वैतागून "गप!" असं ओरडायचा. हापूसच्या हिशेबी ते उत्तर होतं.

आणि एक गंमत. हापूस मधूनच "टिंग-टाँग" करायचा. लेक दोनदा दार उघडून आली. आमची बेल चिमणीच्या आवाजाची आहे. मग ही टिंग-टाँग कुणाच्या घरची?

उत्तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे मिळालं. नखं कापायला नेलं होतं. त्यांनी पायातली कडी भिंगाखाली धरली, आकडे पुसट होते पण 23 वाचता आलं, म्हणजे जन्माचं साल 2023. आम्ही पक्षी घेतला होता डिसेंबर 2024 मध्ये, "तीन महिन्यांचा" म्हणून. अशी बंद कडी पिल्लू काही दिवसांचं असतानाच पायात सरकवता येते, पंजा मोठा झाला की चढत नाही. म्हणजे हापूस निदान वर्षाचा होता आणि आमच्याआधी कुणाच्या तरी घरी राहून आला होता. त्याला का परत केलं असेल हे डॉक्टरांना विचारायची गरज पडली नाही, कारण तेवढ्यात त्याने दवाखाना डोक्यावर घेतला.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं: नोंदणी केलीत का? वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी पक्षी बाळगणाऱ्याने सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. आमच्याकडे नोंदीला लावायला साधा चिटोरा नव्हता. पावती नाही, म्हणजे तक्रार करायलाही हातात काही नाही. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा आपला हिरवा मिठू आणायचा होता." तो तर पाळणंच 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

आता कुणी विचारलंच, तर फ्लॅटमध्ये त्यातल्या त्यात बजरी बरे, ज्यांना आपल्याकडे सगळे लव्हबर्ड म्हणतात. दिवसभर चिवचिव, पण भिंतीपलीकडे जाणार नाही अशी. खरे लव्हबर्ड मात्र वेगळे, आफ्रिकेतले. अंगाने एवढेसे, आवाज सुईसारखा. नावाच्या या घोटाळ्यावरही पुष्कळ माल खपतो. कॉकाटिएल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, शिट्ट्या मारतो, सकाळी जरा जास्त. कॉन्युरच हवा असेल तर ग्रीन चीक, तो सनच्या मानाने बराच नरम. काकाकुवा आणि मकाव यांचं नाव चाळीत किंवा फ्लॅटमध्ये काढूच नये. आणि काहीही घ्यायचं तर विकणाऱ्याकडे संध्याकाळी सहाला, न सांगता जावं.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला, तुम्ही लाडावून ठेवलंत. कडीचं सांगितलं, तर कडी चुकीची पडली असेल. टिंग-टाँगचं सांगितल्यावर मात्र दोन क्षण शांतता. मग नेहमीचा गोड आवाज: "परत आणा ना ताई. पाच हजार देतो. शांत पक्षी आहे, लगेच जाईल."

म्हणजे टिंग-टाँगवाल्यांनाही त्याने हेच सांगितलं असणार, आणि आमच्यानंतर येणाऱ्यांनाही आमची चिमणी ऐकवणार.

परत नाही दिला. ओळखीतून कर्जतजवळचे एक काका मिळाले, वाडीवर मोठी जाळी, तीत आधीचे दोन सन कॉन्युर. ते घ्यायला आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबवलं. चहा दिला, फडकं काढलं, म्हटलं आधी ऐका आणि मग ठरवा. हापूसने पाच मिनिटं सलग लावली. काकांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "ऐकलं. तीस वर्षं भातगिरणी चालवली मी. द्या इकडे."